कांताच्या आंदणातला गुंड

फळीवर, रद्दीच्या गठ्ठ्यामागे जे काळपट पोट दिसतं, ते माझं. मित्रांनो, मी एक जुना पितळी गुंड आहे. गुंड म्हणजे पाणी भरायचं मोठ्या पोटाचं भांडं. शहरात या शब्दाचा दुसरा अर्थ आहे म्हणतात. त्या अर्थाची माणसं आमच्याकडेही होती, पण त्यांना सगळे जावईबापू म्हणत.

माझा जन्म भंडाऱ्याचा. "ठोकल्याबिगर आकार येत नाई," असं मला घडवणारा कारागीर म्हणायचा. त्याच्या तोंडी ते शोभायचं, कारण तो पितळेबद्दल बोलत असे. पुढे हेच वाक्य मी एका घरात ऐकलं. तिथे पितळेची गोष्ट चालली नव्हती.

चिमूरजवळच्या बापूरावांनी मला लेकीच्या आंदणासाठी विकत घेतलं. लेकीचं नाव कांता. लग्नाआधी काही दिवस ती मला कमरेवर घेऊन विहिरीवर जायची. तिची चाल जरा हेलकाव्याची होती. माझ्यातलं पाणी तिच्या पावलांबरोबर डुलायचं, पण एक थेंब सांडायचा नाही. मित्रांनो, भांड्याला सवय लागते, हे माणसांना माहीत नसतं.

आम्ही दोघं सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात, श्रीहरीच्या घरी आलो. श्रीहरी लाकडाच्या डेपोवर कारकून होता. त्याच्यासारखा शांत माणूस गावात नाही, असं सगळे सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. डेपोवर साहेब त्याला वाट्टेल ते बोलायचे, तो "जी साहेब" म्हणायचा. दुसरी माणसं संध्याकाळी घरी भाजी आणतात, श्रीहरी राग आणायचा. आणि कांताला तो रोज ताजा मिळायचा.

एकदा भात जरा कच्चा राहिला. श्रीहरीने मला उचलून फेकलं. कांता खाली वाकली म्हणून मी दाराच्या चौकटीवर आदळलो आणि माझं पोट एका बाजूने आत गेलं. पहाटे कांताने मला विहिरीवर नेलं, भरून आणलं, घडवंचीवर ठेवलं आणि अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी निघून गेली. जाताना घर तहानलेलं राहू नये म्हणून पाणी भरून जाणारी बाई होती ती. मला वाटलं, दुपारपर्यंत कोणीतरी मला न्यायला येईल.

दुपार झाली. पावसाळा झाला. धानाची कापणी झाली. श्रीहरीने दुसरा पाट लावला.

नवी बायको सुकरी, वैनगंगेपलीकडची. आईबाप नव्हते. माहेर म्हणजे एक भाऊ, तोही जंगलात लाकूडतोडीवर, आज इथे तर उद्या तिथे. तिची चाल अगदी वेगळी होती, भरभर, कोणीतरी मागे लागल्यासारखी. माझ्यातलं पाणी तिच्या पदरावर सांडायचं. मी मनात म्हणायचो, कांता असती तर. सुकरीचा त्यात काय दोष? पण झुरणारं भांडं न्यायाने वागत नाही.

आणि मग १९८६च्या उन्हाळ्यात मीराबाई आल्या.

मीराबाई सिंदेवाहीला कुटुंब सल्ला केंद्र चालवत. केंद्र म्हणजे धानाच्या गिरणीशेजारची एक खोली आणि बाहेर एक फलक. गावातले पुरुष त्याला 'बायका फितवाचं दुकान' म्हणत. बायका काही म्हणत नसत, फक्त रस्ता लक्षात ठेवत. मीराबाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. बोलणं असं हळू, की समोरच्याला आपला आवाज चढलेला आपोआप ऐकू यावा. सोबत गावचे पोलीस पाटील रामाजी होते.

"श्रीहरीभाऊ, कांताचं आंदण न्याले आलो," मीराबाई म्हणाल्या.

"न्या ना बाई! मले का करायचं हाय?" श्रीहरी हसत म्हणाला. "माह्या घरी भांड्याची कमी नाई. बायकोचीबी नाई."

रामाजी हसले, आणि मीराबाई हसल्या नाहीत हे बघून खोकले.

परात आली, कोपरं आलं, ताटं आली. मग माझी पाळी आली. सुकरी मला उचलून मागच्या मोरीत घेऊन गेली. मीराबाई मदतीला मागोमाग आल्या. पाणी ओतताना त्या आवाजाआडून सुकरी पुटपुटली,

"बाई, गुंड तं नेता. मले कवा नेता?"

मीराबाईंनी तिच्या मनगटावरचे वळ पाहिले. मग त्या मला हातात धरून अंगणात आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "हे काय गा श्रीहरीभाऊ? गुंडाले पोचा पडला तुह्या घरी. कांताच्या बापानं साबूत देल्ला होता. मी असा नाई नेत. दुरुस्त करून ठेव, मंग नेतो. येत जाईन पाहाले."

"अवो बाई, एक खड्डा तं हाय!"

"खड्डा एकच हाय, हे बरं झालं," मीराबाई म्हणाल्या आणि मला परत घडवंचीवर ठेवलं.

परात गेली, ताटं गेली. मी राहिलो. मला तेव्हा मीराबाईंचा इतका राग आला, की त्या रात्री पाणीसुद्धा गार केलं नाही. पितळेला ते तसंही जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मीराबाई यायच्या. माझा खड्डा बघायच्या. "झाला नाई वाटते अजून," म्हणायच्या आणि सुकरीला पाणी मागायच्या. ती वाकून माझ्यातून पाणी काढायची, तेवढ्यात दोघींचं बोलणं व्हायचं. मला वाटलं होतं, बाई तिला सांगतील, घर सोड. तसं काही त्या बोलल्या नाहीत. पहिल्यांदा त्यांनी एवढंच विचारलं,

"तुले का पाहिजे, सुकरी?"

सुकरीला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. भाजीवालीनेसुद्धा नाही. ती गोंधळली. "विचार करून सांगतो," म्हणाली.

तिने बरेच बाजार विचार केला. एकदा म्हणाली, मार थांबला तर राहतो. मीराबाई श्रीहरीशी बोलल्या, बायकोला छळणाऱ्याला तुरुंग दाखवणारा नवा कायदाही समजावून सांगितला. तो "जी बाई" म्हणाला आणि संध्याकाळी त्याचा हिशेब सुकरीकडे चुकता केला. पुढच्या बाजाराला सुकरी म्हणाली, "मले जायचं हाय. पण मी गेली तं कुठी जाईन?" मीराबाई म्हणाल्या, "केंद्रात. मंग पुढचं दोघी मिळून पाहू. पण पाय तुहे, सुकरी. निघाचं तं तुलेच हाय."

या सगळ्यात माझा खड्डा तेवढा कामाचा होता. तो होता म्हणून बाईंना त्या दारात उभं राहायचा हक्क होता. मला कांताकडे जायचं होतं आणि जाऊ नये असंही वाटायला लागलं होतं.

पण श्रीहरी मूर्ख नव्हता. एक दिवस सिंदेवाहीहून इब्राहीमभाई कल्हईवाले गावात आले, त्याने मला त्यांच्यापुढे आपटलं. "खड्डा काढा. त्या बाईचं येणंच बंद करतो."

इब्राहीमभाईंनी आतून लाकडी ठोकळा लावला, बाहेरून हलक्या हाताने ठोकत राहिले. "असं पोट आत जायाले गुंड पडावा नाई लागत, भाऊ, फेकावा लागते," ते मान वर न करता म्हणाले. श्रीहरीने तिकडे लक्ष दिलं नाही. मी पुन्हा गोल झालो. बरं झाल्याचं दुःख होतं, मित्रांनो, हे मला त्या दिवशी कळलं.

"उद्या बाजार," श्रीहरी सुकरीला म्हणाला. "बाई आली का गुंड तिच्या डोक्शावर ठेवतो. मंग पाहतो तुह्याकडे कोण येते."

सकाळी तो दात घासत अंगणात उभा होता. सुकरीने मला कमरेवर घेतलं. पाण्याला निघालेल्या बाईला कोणी अडवत नाही. आम्ही विहिरीवर आलो आणि ती थांबली नाही.

विहिरीवर म्हातारी रुखमाबाई होती. गावात काय शिजतं ते चुलीआधी तिला कळायचं.

"काऊन वो सुकरी, रिकामा गुंड घेऊन कुठी चालली?"

सुकरी वळली. "इथचं पाणी..." ती म्हणाली. "इथचं पाणी गढूळ झालं, आजी."

रुखमाबाईने विहिरीत वाकून पाहिलं. पाणी असं नितळ होतं, की तळाचे खडे दिसावेत. तिने सुकरीच्या गालाकडे पाहिलं, मग पुन्हा पाण्याकडे.

"हो वो माय," ती म्हणाली. "लयच गढूळ झालं. दुरून आणा लागन. जाय, बिगीनं जाय. कोणी इचारलं तं मी सांगतो."

सुकरी भरभर निघाली. सागाच्या जंगलातून सिंदेवाहीच्या केंद्राकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर तिची चाल मला पहिल्यांदा आवडली.

पुढे कांता केंद्रात आली. सुकरीने मला तिच्यापुढे ठेवलं. मग कांताने माझ्या पोटावरून हात फिरवला. मला वाटलं, संपलं माझं झुरणं. तिने मला हातपंपावर भरलं, कमरेवर घेतलं, गिरणीपर्यंत नेलं आणि परत आणलं. पाणी डुललं, सांडलं नाही.

"हा तुह्याजवळच राहू दे," ती सुकरीला म्हणाली. "मी माठ घेतला. त्यात पाणी थंड रायते."

"पण हा तुह्या बाबाचा हाय ना?"

"बाबानं संसार कराले देल्ला होता. तुहा आता सुरू होऊन राह्यला."

तेवढं बोलून ती चिमूरच्या गाडीने गेली. मी सुकरीचा झालो. सुकरी सरकारी भात संशोधन केंद्रावर रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, कामाला लागली, तिने स्वतःची खोली केली, आणि मला मीराबाईंच्या केंद्राला देऊन टाकलं, नव्या येणाऱ्या बायकांसाठी. बरीच वर्षं मी त्यांची तहान भागवली. मग नळ आला, प्लास्टिकच्या बादल्या आल्या, आणि मी फळीवर गेलो. बाहेर चिमूरची गाडी थांबली की मी अजून कान देतो. एवढी एक खोड राहिली आहे.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला नाही जपलंत तरी चालेल. पितळ सहज मरत नाही. पण तुमच्या गावात एखादी बाई रिकामा गुंड घेऊन विहिरीवरून पुढे निघून जाताना दिसली, तर तिच्या घरी सांगायला पळू नका. आधी विहिरीत नीट वाकून पाहा. पाणी गढूळच असेल.