उजवीकडे बघणारा बोकड

मी एक जुना लाकडी फलक आहे. आकार ढालीचा, पण लढाई मी कधी पाहिली नाही. मित्रांनो, माझी गोष्ट वाचताना उजवीकडे थोडी जागा मोकळी ठेवा. अशी:

(          )

स्विस डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात निशाणी मिरवायला राजा असावे लागत नाही. गवळी, सुतार, पाणचक्कीवाला, ज्याच्या त्याच्या घराण्याची एक असते. माझ्यावर योस्टच्या घराण्याची आहे. निळा रंग म्हणजे आमचे तळे. तीन हिरवे उंचवटे म्हणजे त्याची कुरणे. आणि त्यांवर मागच्या पायांवर उभा राहिलेला पिवळा बोकड, कारण एका वाईट हिवाळ्यात शेळ्यांनीच हे घर जगवले होते.

निशाणीतल्या प्राण्याने एरवी डावीकडे बघायचे असते. ढाल डाव्या हातात धरली की तीच पुढची, शत्रूची बाजू. उजवीकडे बघणाऱ्याला पळपुटा म्हणतात.

माझा बोकड उजवीकडे बघतो.

तो चुकून तसा कोरलेला नाही. फेरेनाशी लग्न ठरले तेव्हा योस्टने जोडी करून घेतली: मी आणि तिची पाटी. फेरेनाच्या माहेरी घंटा ओतत, म्हणून तिच्या पाटीवर लाल रंगात पांढरी घंटा. नवराबायकोच्या निशाण्या शेजारी शेजारी लावल्या, की नवऱ्याकडच्या प्राण्याने बायकोच्या निशाणीकडे तोंड करायचे. तिच्याकडे पाठ करून उभे राहणे बरे दिसत नाही. ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या उजव्या कडेला दोन लोखंडी आकडे होते, तिच्या डाव्या कडेला दोन कड्या. आकडे कड्यांत उतरले की आम्ही एक.

योस्ट आणि फेरेना गेल्यावर त्यांच्या मुलांनी भांडून वाटण्या केल्या. थोरल्याने मला ठेवले. धाकटा कास्पार घंटेची पाटी उचलून खालच्या वाडीत राहायला गेला. भाऊ पुन्हा बोलले नाहीत, आणि आपापल्या मुलांना त्यांनी काही सांगितलेही नाही.

(          )

थोरल्याचा मुलगा मेल्खिओर. माझे आकडे टोपी अडकवण्यासाठी आहेत, असे त्याला वाटे. आकडे खाली वळलेले, त्यामुळे टोपी रोज पडे आणि रोज तो आजोबांच्या सुताराचा उद्धार करी.

मेल्खिओर नेमबाज होता. मंडळाच्या मेळाव्यात साऱ्या घराण्यांच्या निशाण्या भिंतीवर लागत, तिथे माझी थट्टा ठरलेली. "मेल्खिओर, बार उडायच्या आधीच तुझा बोकड निघाला बघ." तोही हसायचा. पण एका वर्षी त्याला अध्यक्ष केले, आणि अध्यक्षाची निशाणी खुर्चीच्या मागे, बरोबर डोक्यावर लागते. त्याने मला टेबलावर आडवे केले आणि तासणी घेतली. बोकड तासून काढायचा आणि उलट तोंडाचा नवा रंगवायचा.

मला बोलता येत नाही. शिंगाचे टोक गेले.

मग आकडे मध्ये येऊ लागले म्हणून त्याने पक्कड मागितली. त्याची बायको अग्नेस पक्कड घेऊन आली, पण तिने ती दिली नाही. आकड्यांवरून बोट फिरवत उभी राहिली.

"हे काथ्रीकडच्या कड्यांत बसतील," ती म्हणाली. काथ्री म्हणजे कास्पारची मुलगी.

"तू काथ्रीकडे जातेस?"

"लग्न झाल्यापासून. तिच्यासारखं विरजण तुझ्या आईलासुद्धा जमत नव्हतं."

मेल्खिओरची कॉफी गार झाली. काथ्रीच्या स्वयंपाकघरात एक लाल पाटी आहे, तिच्या कड्यांना ती डाव आणि झारे अडकवते, हे सगळे त्याने मान खाली घालून ऐकले. मग मला चादरीत गुंडाळून तो उतार उतरू लागला.

काथ्रीने दार उघडले. "सापडला म्हणायचा रस्ता," एवढेच म्हणाली. तिने डाव काढून बाजूला ठेवले. आकडे जरा गंजले होते, कुरकुरले, आणि उतरले.

मेल्खिओरने बोकड बघत होता तिकडे, घंटेकडे, पाहिले. अंगठा तासलेल्या शिंगावर होता.

"मी ह्याला वळवायला निघालो होतो."

"घंटा आजीच्या माहेरची. वळवला असतास तर बायकोकडे पाठ झाली असती त्याची." काथ्रीने कॉफी ओतली. "आणि हे बघ, पाटी मी देणार नाही. बाबांची आहे."

"मागतोय कोण?" मेल्खिओर म्हणाला. त्याने मला तिथेच राहू दिले.

मेळाव्यात अध्यक्षाच्या डोक्यावर नुसता खिळा होता. "शेवटी पळालाच ना बोकड?" कुणीतरी विचारले.

"नाही," मेल्खिओर म्हणाला. "घरी गेलाय. बायकोकडे."

शिंग तुटकेच आहे. काथ्री रंग लावून देणार होती, मेल्खिओरने नको म्हटले. रविवारी तो आणि अग्नेस इथेच जेवतात. टोपी खुर्चीवर ठेवतो.

मित्रांनो, कुणी पाठ फिरवून उभा दिसला तर तासणी उचलण्याआधी एवढे करा: तो जिकडे बघतो आहे, तिकडे जाऊन बघा.

(घंटा)