वरच्या रांगेचं पाणी

त्यानं ड्रिलचं टोक खिडकीच्या बरोब्बर वर टेकवलं आणि अंगातला सगळा जोर लावून दाबलं. भिंत दोन्ही घरांची होती, खिडकी मात्र धाकट्या भावाच्या स्वयंपाकघराची. पलीकडे मांडणीवरची भांडी थरथरत असणार, एखादं पडलंही असेल. पडू दे.

"अहो, रविवारची दुपार आहे," बायको दारातून म्हणाली. "झोपले असतील भाऊजी."

"झोपू दे की. वेळेवर जागं व्हायची सवय कधी होती त्याला?"

हे वाक्य कुठून येतंय ते तिला ठाऊक होतं. आई धाकट्याकडे असायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली सकाळी अकराला, आणि थोरल्याला फोन आला दोन वाजता. तो तेव्हा पुढच्याच गल्लीत एका गच्चीवर टाकी बसवत होता. धावत आला असता तर पाच मिनिटं लागली नसती. तीन तास. ते तीन तास त्यानं कुणालाच माफ केले नव्हते.

वडलांचं घर आधीच दोघांत वाटलेलं होतं. मागचं फरशीचं अंगण थोरल्याच्या वाट्याला आलं, जेमतेम दोन खाटा मावतील एवढं. धाकट्याची ती खिडकी नेमकी त्यात उघडायची. ती बुजवायची नाही, असं वाटणीच्या कागदावर लिहिलेलं होतं. तिच्यापुढं झाडं लावायची नाहीत, असं मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या घरी त्यानं भिंतीवरची उभी बाग पाहिली, आणि रस्ताभर त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

लोखंडी चौकट, तिच्यावर जाड कापडाच्या कप्प्यांच्या चार रांगा. माणसं खालून वर भरत जातात, यानं सगळ्यात आधी वरची रांग भरली, कारण खिडकी तिच्यामागं होती. नेचे, मनीप्लांट, दाट पानांचं जे मिळालं ते कोंबलं. अंधार पडायच्या आत धाकट्याचं स्वयंपाकघर दिसेनासं झालं. मग उरलेल्या रांगा भरल्या आणि ठिबकची नळी खालच्या नळाला जोडून वळवत वळवत वर नेली.

"पाणी आधी वर चढवून मग खाली सोडतात ना?" बायकोनं विचारलं. "तुम्हीच सांगता लोकांना."

"चाळीस वर्षं नळाची कामं करतोय. आता तू मला पाणी शिकव."

ती आत गेली. तिचं बरोबर होतं हे त्याला त्याच क्षणी कळलं, म्हणून तर तो जास्त भडकला. दुसऱ्या कुणी प्लंबरनं असली लाइन टाकली असती तर यानं त्याची चारचौघांत लाज काढली असती. पण आता उकलायची म्हणजे बायकोसमोर नाक कापून घेणं. राहू दे तशीच.

धाकट्याकडून चकार शब्द आला नाही. भर दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा, पानांतून पिवळा उजेड दिसायचा. थोरला चहाचा कप घेऊन त्या उजेडाकडे बघत बसायचा. तक्रार करायला ये, मग सांगतो, असं त्याच्या मनात असायचं. धाकटा आला नाही, आणि त्याचाही याला राग आला.

"एकदा विचारा तरी त्यांना," बायको एका संध्याकाळी म्हणाली. "आई हात सोडतच नव्हत्या म्हणे. ते एकटेच होते घरात."

"अकरानंतर तर सोडला ना?"

तिनं त्याचा रिकामा कप उचलला.

तीन आठवडे झाले. खालच्या दोन रांगा बऱ्या होत्या, खालून तिसरी जरा मरगळली होती, आणि सगळ्यात वरची, जिला पाणी पोचणंच अवघड, ती मात्र तरारली होती. नेचे तर खिडकीच्या गजांत शिरले होते.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "पोचतंय की नाही पाणी?"

दोन दिवस तो या ऐटीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी शिडीवर चढून त्यानं वरच्या नळीचं टोक सहज काढून पाहिलं. आत कोळ्यानं जाळं केलं होतं. टोक कोरडं ठणठणीत होतं. त्यानं कप्प्यात बोट खुपसलं, तर माती गार आणि ओली.

त्या दिवशी त्याचं कामात लक्ष लागेना. एका घरी गरम पाण्याची लाइन थंड पाण्याच्या नळाला जोडून बसला. दुपारी बायको शाळेतली नोकरी आटोपून यायच्या आत नळी गुपचूप उकलावी म्हणून नवा पाइप खांद्यावर घेऊन तो मागच्या दारानं अंगणात आला, आणि जागीच थांबला.

वरच्या रांगेत पानं हलत होती. गजांमधून किटलीची चोच बाहेर आली होती. एकेका कप्प्यात थोडं थोडं पाणी पडत होतं, सांडू न देता. किटली धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख चपटं, दुभंगलेलं होतं.

ते नख त्याला नवीन नव्हतं. वडलांचा मोठा पाना याच्या हातून निसटून त्या अंगठ्यावर पडला होता. तेव्हा धाकटा सात वर्षांचा. माझ्याच हातून पडला, असं त्यानं रडत रडत आईला सांगितलं होतं, आणि वर तिचा मारही खाल्ला होता.

हात आत गेला. दिवा मालवला. थोरला पाइप खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. चोर पकडल्यासारखा ओरडणार होता, पण त्यानं पाइप हळूच, आवाज न करता खाली ठेवला. या माणसावर धड रागावताही येऊ नये, याचा त्याला भयंकर संताप आला.

संध्याकाळी बायको अंगणात आली तेव्हा नळी नव्यानं टाकून झाली होती. पाणी सरळ वर चढून तिसऱ्या रांगेपासून खाली उतरत होतं. वरच्या रांगेकडं जाणाऱ्या तोंडाला त्यानं बूच मारलं होतं.

"हे काय? वरची रांग बंद केलीत?"

"हो."

"मरेल की ती."

"मरत नाही."

खिडकीत दिवा लागला, आत कुणीतरी ओट्याशी उभं होतं. त्यानं हत्यारं पेटीत आपटत भरली आणि भिंतीकडे तोंड करून, बायकोला ऐकू जायला लागतो त्याहून बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "रोज रोज कशाला घालायचं? मुळं कुजतील अशानं. एक दिवसाआड पुरे."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"बरं, दादा," पानांमागून उत्तर आलं.