माझ्या खरेपणाची चौकशी

मी शिक्का बोलतोय. उभ्याउभ्या ऐका, लांबण लावायची मला सवय नाही.

लाकडी मूठ, रबरी तोंड. शिक्षण दोनच शब्दांचे: 'औषध तपासले'. तेवढ्यावर आरोग्य खात्यात एकोणीस वर्षे मानाने काढली. मी उमटलो की खोके दवाखान्यात जायचे. कोणी हूं की चूं केले नाही.

मग नव्या आरोग्यप्रमुख बाई आल्या. नकली औषधांच्या मागे हात धुऊन लागल्या. एका कारखान्यावर छापा घातला, तर तिथे माझेच दहा तोतये सापडले. कारकुनाने ते आणून माझ्या शेजारीच ओतले. झाले! मी कोण आणि ते कोण, कोणाला कळेना.

चौकशी समिती बसली. अकराही जणांना कागदावर उमटवले. तोतये ठसठशीत आले. मी पुसट, वाकडा. समितीने एकमताने मला नकली ठरवले. आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता.

दारात मुलांच्या वॉर्डची सिस्टर उभी. "चाळीस खोकी इथे पडलीत आणि तिकडे पोरं तापाने फणफणलीत. देताय की नाही?"

"यांच्यावरचा शिक्का खोटा निघालाय," कारकून म्हणाला. "थांबा, खऱ्याने पुन्हा मारतो. दहा आहेत आता."

बाई ताडकन उठल्या. "अहो, शिक्के कसले तपासताय? औषध तपासा!"

"ते कशाला, बाई?" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "त्यावर 'तपासले' लिहिलंय की."

बाईंनी स्वतः खोके फोडले. गोळी कुटून अ‍ॅसिडात टाकली. फसफसून फेस आला. निव्वळ खडू. आणि त्या खोक्यावर तोतया नव्हता. मी होतो.

"हे तपासलं कधी होतं?"

कारकून गोंधळला. "तपासायचं असतं होय, बाई? मला वाटलं, शिक्काच मारायचा असतो."

एकेक खोके तपासले. सतरा खडूची निघाली. सिस्टर संध्याकाळपर्यंत दारातून हलली नाही. चांगली तेवीस घेऊनच गेली.

आता बाई खोके फोडल्याशिवाय सही करत नाहीत. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत पाचर म्हणून बसतो. समितीने मागाहून मला खरा ठरवले. तसे पत्रही आले. मला त्याचे काही नाही. एकोणीस वर्षे 'तपासले' म्हणालो आणि एकदाही आत डोकावलो नाही. त्या तोतयांना निदान आपण खोटे आहोत हे ठाऊक होते.

माझे तोंड बघून कोणाच्या पोराला औषध देऊ नका.