काटेकोर अर्धा तास

गल्लीत त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला याहून शोभेल असं नाव कुठलं? पण दोन महिन्यांपासून काटेकोरचा उजवा हात थरथरत होता. चिमट्यात धरलेली घड्याळातली केसाएवढी कमान, म्हणजे स्प्रिंग, सुटायची, मग तो टेबलाखाली रांगत तिला शोधायचा आणि साऱ्या जगाला शिव्या घालायचा. एका बाईंचं इवलंसं मनगटी घड्याळ तीन आठवडे डबीत उघडं पडलं होतं. हात असाच राहिला तर दुकानाला कुलूप, दुसरं काय!

डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला. “नसांना काही झालेलं नाही. चाळीस वर्षं श्वास रोखून भिंगातून बघताय. रोज अर्धा तास बागेत बसा. काम नाही, फोन नाही.”

“आणि औषध?”

“हेच.”

तो गेला. पंधरा दिवस, न चुकता, बरोबर अर्धा तास. हात जसाच्या तसा! “झाडं बघून हात बरे होत असते ना, तर माळ्यांनी दवाखाने काढले असते,” तो बायकोवर खेकसला.

बायको भाजी चिरत होती. “काय काय आहे हो बागेत?”

“काय म्हणजे? बाक आहे.”

“आणि?”

त्याचा हात खिशाकडे गेला. तिने सुरी ठेवली आणि सरळ त्याच्या खिशात हात घातला. दोन घड्याळं निघाली, एक त्याचं, एक गिऱ्हाइकाचं. दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडतं का, ते हा बाबा रोज बाकावर बसून सेकंद-सेकंद ताडून बघत होता.

“हे काही काम नाही, तपासणी आहे,” तो म्हणाला. “आणि अर्धा तास मोजायला घड्याळ नको?”

“धन्य आहे तुमची!” तिने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी ती सोबत आली. घड्याळं तिच्या पिशवीत.

“किती झाली मिनिटं?”

“झाली तेवढी झाली.”

“ही काय मोजण्याची रीत झाली?” रिकाम्या मनगटाकडे तो चारदा बघून चुकला होता. रागारागाने त्याने बाकावर उजवा हात आपटला, तर तांदळाच्या दाण्याएवढा एक हिरवा किडा बोटावर चढला. तो झटकणार, तेवढ्यात त्याला पाय दिसले.

“अगं, बघ! तीन उचलतो, तीन टेकवतो. एकही चुकत नाही. कुणी बसवलं असेल गं हे?”

किडा नखाच्या टोकाला आला आणि पुढचे पाय हवेत चाचपडू लागला. पडेल बिचारा, म्हणून काटेकोरने बोट तसंच धरून ठेवलं. बराच वेळ.

बायकोचे डोळे भरून आले होते.

“आता तुला काय झालं?”

“अहो, हात बघा ना तुमचा.”

त्याने पाहिलं. आणि पाहिल्याबरोबर हात थरथरू लागला. किडा उडून गेला.

“बोललीस कशाला!” तो ओरडला. “चांगला थांबला होता! उद्या तोंडातून एक शब्द काढायचा नाही, सांगून ठेवतो. किती वाजता यायचं?”

तिने पिशवीचे बंद घट्ट आवळले.

“उजाडलं की.”