मधल्या स्पीकरनं ऐकवलं ते

मी मधला स्पीकर बोलतोय. टीव्हीच्या वर आडवी ठेवतात ना, ती काळी पेटी. पडद्यावरच्या माणसांचं बोलणं तेवढं माझ्या वाट्याला. गाणं-बजावणं बाजूच्या दोघांकडे.

१९९८ साली विद्यानगरच्या प्रज्ञेशनं मला कोठीच्या बाजारातल्या दुकानातून घरी आणलं. दुकानदार म्हणाला होता, "ये बीच का डब्बा है, भाई. बातां सब इसमेंच आते."

प्रज्ञेशचे वडील तातेराव. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान मंद केलेले. त्यांची मुलगी निशिगंधा कंप्युटरच्या नोकरीवर सिंगापूरला होती. तिनं महिन्यापूर्वी आपल्या वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. पण दोन स्पीकरांतून पार्टीचं संगीतच धडधडायचं, पोरीचं बोलणं त्यात बुडून जायचं. म्हणून माझी नेमणूक.

तिची आई सखूबाई मात्र मला बघताच घाबरल्या. "नक्को रे हे. दोन आहेत की चांगले!" वायर जोडताना त्यांनी प्रज्ञेशचा हातही धरला. प्रज्ञेश दर वेळी केक कापला की उठून जायचा. कॅसेटच्या शेवटी काय आहे, ते एकट्या सखूबाईंना ठाऊक होतं.

कॅसेट लागली. केक कापला, टाळ्या झाल्या. सखूबाई पदर पिळत होत्या. मला थांबता येत नव्हतं. आत आलेला शब्द बाहेर टाकायचा, एवढंच मला येतं.

निशिगंधा कॅमेऱ्याजवळ आली. शेजारी एक तरुण. खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, हा मिलिंद. आम्ही लग्न केलं. तुम्हाला न विचारता. फोनवर सांगायचा धीर झाला नाही."

तातेरावांनी रिमोट ओढून घेतला आणि चित्र थांबवलं. मग ते सखूबाईंकडे वळले.

"तू ऐकलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी," सखूबाई म्हणाल्या.

"महिनाभर मला जेवायला वाढत होतीस, अन् बोलली नाहीस?"

"तुम्ही पोरीचं नाव टाकाल, याचं भ्या वाटलं."

तातेराव त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिले. मी तर धास्तावलोच होतो. अखेर त्यांनी रिमोट प्रज्ञेशच्या हातात दिला.

"सोड पुढं. जावई काय म्हणतो, ऐकू दे."

आता टीव्ही भिंतीवर गेलाय आणि मी कपाटावर. आवाज काढणारा माझा आतला कागदी पडदा फाटलाय. तातेरावांना माझंही ऐकू येत नाही. निशिगंधा आली की गुडघ्याला गुडघा लावून त्यांच्यासमोर बसते, एकेक शब्द सावकाश बोलते. ते मान डोलावतात.

मला भंगारात द्यायचं असेल, तर आता खुशाल द्या.