नावानिशी

सुलूने विड्याच्या पानांच्या जुडीला दोरी आवळली ती इतकी, की वरचं पान मधोमध चिरलं.

"वाचू का परत?" तिच्या धाकट्या जावेने, चारुताने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मोबाइल डोळ्यांसमोर धरला. "'चारुताताई, मागच्या सप्ताहातला तुमचा आवाज अजून कानात आहे. बोईसरच्या कीर्तनात माझ्यामागे गायला तुम्हीच हव्यात.' बुवांनी सोता लिवलंय, वयनी. फोटोपण त्यांचाच हाय."

"ऐकलं की मघाशी. बहिरी नाय मी."

पुंडलिकबुवांचं कीर्तन म्हणजे सुलूचा जीव की प्राण. एडवणच्या देवळात ते उभे राहिले की मागे झांज धरायला ती, पूर्वरंग संपला की कोमट पाण्याचा तांब्या पुढे करायला ती, घामाने भिजलेलं उपरणं धुऊन वाळत घालायलाही तीच. चारुता तर लग्न होऊन आली काल-परवा. एकदा काय तो अभंग म्हणाली, आणि आज बुवांच्या तोंडी तिचं नाव. देवा, तुझ्या दारीही वशिला लागतो का रे, असं सुलूच्या मनात आलं आणि तिने जीभ चावली.

"पुढे काय लिवलंय?"

"नाव पक्कं करायला ही फाईल उघडायची. मग फोनवर आकडा येईल, तो त्यांना कळवायचा. आजच. जागा एकच हाय." चारुता लाजली. "घरात एवढ्यात बोलू नका, असंपण लिवलंय. पण तुमच्यापासून काय लपवायचं?"

सुलूचा हात थांबला. इतकी वर्षं झांज वाजवली, पण बुवांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. कुणालाच नाही. सरपंच असो की पाणी वाढणारा, सगळे माउली. मागे मांडवात कुत्रं शिरलं, तर त्यालासुद्धा 'माउली, जरा बाहेर बसा' म्हणाले होते. ते बुवा 'चारुताताई' लिहितील?

हे बुवा नव्हेतच.

तिने दुसरी जुडी घेतली. चारुताच्या खात्यात यंदाच्या चिकूचे पैसे होते, दोन्ही घरांचे. तरी सुलू पानं रचत राहिली, देठाला देठ जुळवत राहिली. उघडू दे. एकदा कळू दे हिला.

चारुताचा अंगठा फाईलकडे गेला. ओठांतल्या ओठांत ती तोच अभंग गुणगुणत होती. चाल सुलूनेच शिकवलेली.

सुलूने तिचं मनगट धरलं.

"थांब. हे बुवा नायत."

चारुताने हात सोडवला. "तुमाला बरं नाय वाटलं, ते मगापासून दिसतंय मला. पान फाडलंत."

"नाय वाटलं बरं. खोटं कशाला बोलू? पण बुवा कुणाला नावाने हाक मारतात का, आठव. आणि देवाच्या कामाची घरापासून लपवाछपवी कशाला?"

सप्ताहात जेवणाचं विचारायला घेतलेला बुवांचा नंबर सुलूकडे होता. पुन्हा लावायचं धाडस कधी झालं नव्हतं. आज तिने लावला, आणि आवाज मोठा करून फोन दोघींच्या मध्ये, पानांवर ठेवला.

"बोला माउली."

सुलूने सगळं सांगितलं. पलीकडे बुवांनी सुस्कारा सोडला.

"माझा फोटो लावून कुणीतरी गावोगाव हेच करतंय. मी कुणाला काही पाठवलेलं नाही. ती फाईल उघडू नका, आणि आकडा तर प्रत्यक्ष देवाने मागितला तरी सांगू नका."

चारुता पुढे वाकली. "बुवा, मी चारुता. एडवणची. मागच्या सप्ताहात मी अभंग म्हटला होता, आरतीच्या आधी..."

"हो का? छान, छान." बुवा म्हणाले. "पुष्कळ जणी गातात ना, माउली. ध्यानात राहत नाही."

फोन बंद झाला. चारुताने तो खोटा नंबर ब्लॉक केला आणि हातातली बांगडी फिरवत बसली. याच घडीची तर सुलूला मघापासून आस होती. आता ती आली, आणि गोड लागेना.

"वाऱ्याने आवाज तुटत होता," सुलू म्हणाली. "त्यांना तुझं नाव नीट ऐकू नाय आलं."

वाडीत केळीचं एकही पान हलत नव्हतं. चारुताने ते पाहिलं. मग जवळ सरकून तिने जुडीतलं चिरलेलं पान अलगद काढलं, आणि त्या जागी दुसरं, कोवळं, लावलं.