एकतीस चिठ्ठ्या

खोली भाड्याने द्यायची वेळ आली की भल्याभल्यांचे उदार विचार उंबऱ्यातच अडखळतात. दोन हजार सात साली सिंगापूरमधल्या चोआ चू कांग वसाहतीत राहणाऱ्या हेमचंद्र सबनीसांचं तेच झालं. लेक अदिती शिकायला ऑस्ट्रेलियाला गेली, तिची खोली रिकामी पडली. मराठी मुलगा मिळाला तर बरं, असं त्यांनी आणि पत्नी मेधाताईंनी चार ठिकाणी सांगून ठेवलं. विवेक पवार आला. इंजिनिअर, वागायला नम्र. गप्पांच्या ओघात त्याने आपण पारधी समाजाचे असल्याचं सहज सांगितलं, आणि सबनीसांना एकाएकी आठवलं की खोली दुसऱ्या कुणाला तरी कबूल केली आहे! विवेकला शनिवारपर्यंत जुनी जागा सोडायची होती, पण त्याने वाद घातला नाही. चहाचा कप स्वतः बेसिनमध्ये ठेवला आणि गेला.

सबनीस तसे वाईट नव्हते. बँकेत कागदपत्रं तपासण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून तर खालच्या मजल्यावरच्या प्रियदर्शिनीने त्यांना कामाला जुंपलं होतं. नागपूरची ही मुलगी इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय होता युरोपातल्या रोमा लोकांविषयीचा द्वेष. हे लोक हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच तिकडे गेले आणि अजूनही त्यांना कुणी जवळ करत नाही. तिथल्या वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर वाचकांनी लिहिलेली वाक्यं तिने चिठ्ठ्यांवर उतरवली होती आणि रोमा शब्दाच्या जागी नुसती रेघ ठेवली होती. प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलीने खूण करायची: द्वेष, की नुसती माहिती. दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि जिथे जुळणार नाही तिथे एकत्र बसायचं, अशी रीत.

त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी दोघं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफी घेऊन बसले. दोनशेपैकी एकतीस चिठ्ठ्या जुळत नव्हत्या. त्या सगळ्या सबनीसांनी ‘माहिती’त टाकल्या होत्या. ‘— गावाबाहेर उतरले की कोंबड्या मोजून घ्याव्यात.’ ‘— गोड बोलतात, पण घरात घेऊ नये.’ यात शिवी कुठे आहे, हा तर साधा सावधपणा, असं सबनीस ठासून सांगू लागले.

“काका, त्या रेघेच्या जागी तुमच्या मनात कोण होतं?”

सबनीसांना खोटं बोलवेना. “पारधी,” ते म्हणाले.

ती रागावली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

“हे लिहिणारेही म्हणतात, आम्ही कुठे शिवी दिली? इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. कायदा गेला, कोंबड्या मोजणं राहिलं. मी खोली विचारताना आडनाव आधी सांगते, काका. ज्यांना माझी जात नको ते फोनवरच नाही म्हणतात, पायपीट वाचते.”

सबनीसांना सिंगापूरमधलं आपलं पहिलं वर्ष आठवलं. घर शोधताना एजंट फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाला होता, “सॉरी लाह, ओनर नो इंडियन.” म्हणजे घरमालकाला भारतीय भाडेकरू नको. त्यानेही शिवी दिली नव्हती. मेधाताई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. आणि आपण काय केलं? तेच!

त्यांनी घाईघाईने खोडरबर उचलला. प्रियदर्शिनीने त्यांचा हात थांबवला. पहिली खूण खोडायची नसते, प्रबंधात ती तशीच जाणार, हवं तर शेजारी दुसरी करा, असं तिने सांगितलं. एकतीस चिठ्ठ्यांवर दुसरी खूण करून सबनीसांनी तिथूनच विवेकला फोन लावला.

“खोली कुणालाच दिली नव्हती. मी खोटं बोललो. माझं चुकलं. येशील?”

विवेक म्हणाला, “मी पारधी म्हटलं आणि तुम्ही टेबलावरचा मोबाइल उचलून खिशात टाकलात, काका. मला तेव्हाच कळलं होतं.”

हात केव्हा गेला, सबनीसांना ठाऊकच नव्हतं. तसं त्यांनी कबूल केलं.

“हे तरी खरं बोललात,” विवेक म्हणाला. “येतो शनिवारी.”

शनिवारी तो आला. मेधाताईंनी थालीपिठं लावली होती, त्याने मोजून पाच खाल्ली आणि सहावं मागून घेतलं. सबनीसांना कितीतरी दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

वाचकहो, शिव्या देणारा माणूस चारचौघांत ओळखू येतो. पण सावधपणाच्या नावाखाली आपण कुणाकुणाला दारातून परत पाठवतो, हे दुसरं कुणी तपासत नाही. ते ज्याचं त्यानेच तपासायचं असतं, आणि चूक सापडली की ज्याला परत पाठवलं त्यालाच आधी सांगायचं असतं.